पावसाळी गटारांचा पैसा येतो कुठून?

ओढ्याकाठचा

मंडळी, घरपट्टीचं बिल समोर ठेवून हा धागा काढतोय. गाव ड वर्ग महापालिकेचं आहे. नाव देत नाही, इथलं तिकडे पोचायला वेळ लागत नाही. बिलात एकाखाली एक ओळी आहेत: सामान्य कर, अग्निशमन कर, वृक्ष कर, शिक्षण कर, रस्ता कर, पाणीपुरवठा लाभकर, मलप्रवाह सुविधा लाभकर. त्याखाली राज्य शासनाचा शिक्षण कर आणि रोजगार हमी कर. झाडाला कर आहे, बंबाला आहे, संडासाच्या पाण्याला आहे. पावसाच्या पाण्याला नाही.

बिल इतकं बारकाईने वाचायची वेळ का आली, तर आमच्या कॉलनीतला रस्ता गेल्या उन्हाळ्यात काँक्रीटचा झाला. जुनं डांबर न उकरता वरच भर टाकली, त्यामुळे रस्ता वीतभर वर आला आणि तळमजल्याची घरं आपोआप खड्ड्यात गेली. कडेला पावसाळी गटार नाही. पहिल्याच वळवाला पार्किंगमध्ये पोटरीभर पाणी. विचारायला गेलो तर साहेब शांतपणे म्हणाले, "रस्त्याला हेड होतं, गटाराला हेड नव्हतं. गटारासाठी थांबून रस्त्याचा निधी लॅप्स होऊ द्यायचा होता का?" (हेड म्हणजे अर्थसंकल्पातलं खातं.) वर म्हणाले, केंद्राच्या अमृत योजनेत बसवून बघितलं, बसत नाही.

प्रश्न आमच्या कॉलनीपुरता नाही. पिण्याच्या पाण्याला पाणीपट्टी आहे, ड्रेनेजला लाभकर आहे. पावसाळी गटार शहरं कुठल्या पैशातून बांधतात? जाणकारांनी इस्कटून सांगावं.

टपरीवरचा

आपल्या खिशातून येतो आणि चेंबरातून वाहून जातो. धागा संपला, चहा घ्या.

ताळेबंद

चहा झाला. आता लिहितो.

मुंबईचं उदाहरण घेऊ, कारण तिथला अर्थसंकल्प कुणालाही उघडून वाचता येतो. बृहन्मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प 'अ', 'ब', 'ई', 'ग' अशा भागांत असतो. 'ग' हा पाणीपुरवठा आणि मलनिःसारणाचा. जलआकार, मलनिःसारण आकार, त्यांचे लाभकर हे सगळं तिथे जमा होतं आणि खर्चही तिथूनच. पर्जन्य जलवाहिन्या मात्र 'अ' मध्ये, रस्ते, पूल, घनकचरा यांच्या पंगतीला. म्हणजे एकाच रस्त्याखाली दोन पाइप शेजारी शेजारी. एकाच्या नावावर दरमहा उत्पन्न जमा होतं, दुसरा सर्वसाधारण निधीतून जे वाट्याला येईल त्यावर.

आता हा सर्वसाधारण निधी कशाचा? २०२५-२६ चा मुंबईचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. त्यात उत्पन्नाचे मोठे अंदाज असे: जकातीच्या बदल्यात मिळणारी भरपाई सुमारे १४,४०० कोटी, विकास नियोजन खात्याकडून (चटईक्षेत्राचं अधिमूल्य, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीचे पैसे, वगैरे) ९,७०० कोटी, मालमत्ता कर ५,२०० कोटी. जकात १ जुलै २०१७ ला गेली, तेव्हा भरपाईचा पहिला मासिक हप्ता ६४७ कोटींचा होता आणि दरवर्षी ८ टक्के वाढ कायद्यातच लिहिली आहे. हा पैसा राज्य सरकारकडून येतो. त्याचा तुमच्या गच्चीवरून किती पाणी वाहतं याच्याशी काडीचा संबंध नाही. ज्या मालमत्ता कराचा थोडाफार संबंध असू शकला असता, तो तिसऱ्या क्रमांकावर, आणि २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतची घरं त्यातून माफ.

दुसऱ्या क्रमांकाची गंमत बघा. कंपाउंडच्या भिंतीपर्यंत पोडियम चढवून जो बिल्डर जमिनीत मुरणारं पाणी बंद करतो, त्याच्याकडूनच अधिमूल्य येतं. ते एकदाच येतं. पाणी दर पावसाळ्यात येतं.

माहीमची_खाडी

ताळेबंद यांच्या प्रतिसादाला जोडून ब्रिमस्टोवॅडची (मुंबईच्या पावसाळी गटारांच्या आराखड्याची) गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण "हेड नव्हतं" याची किंमत त्यात स्वच्छ दिसते.

ऐंशीच्या दशकातल्या पुरांनंतर मुंबईच्या पावसाळी गटारांचा नीट अभ्यास झाला आणि १९९३ मध्ये अहवाल आला. जुनी व्यवस्था तासाला २५ मिमी पाऊस झेलेल अशी, तीही ओहोटी असेल तर. अहवाल म्हणाला, हे ५० मिमी करा, नाले रुंद करा, जिथे भरतीचं पाणी पातमुखातून (गटार समुद्राला मिळतं त्या तोंडातून) उलटं आत शिरतं तिथे पंप बसवा. खर्च तेव्हा ६१६ कोटी. पैसे नाहीत म्हणून मोठी कामं रखडली. मग २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पडला. पुढच्या दोन वर्षांत केंद्राने १,२०० कोटी मंजूर केले. जो आराखडा बारा वर्षं कपाटात होता तोच बाहेर आला, फक्त आकडा दुप्पट झालेला, आणि तोही पुढे पुरला नाही.

आठ उदंचन (पंपिंग) केंद्रं ठरली होती. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझधरबंध ही सहा झाली. मोगरा आणि माहुल जागेच्या घोळात वर्षानुवर्षं लटकली. पैसा मंजूर असूनही जमीन मिळत नाही हा वेगळाच प्रकार. आणि हिंदमाताला शेवटी काय केलं? प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदान इथे जमिनीखाली टाक्या बांधून पाणी तात्पुरतं साठवायचं. पाइपाने जाईना म्हणून हौद.

टपरीवरचा

बारा वर्षं कपाटात ठेवून मग पुराची वाट बघायची, ही पण एक वित्तीय शिस्तच म्हणा.

निवृत्त_डेप्युटी

धागाकर्ते, तुमच्या साहेबांनी तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही. मी आयुष्यभर हेच काम केलं (मुंबईत नव्हे, तुमच्यासारख्याच एका लहान महापालिकेत), म्हणून जरा सविस्तर लिहितो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी ताळेबंद यांचा पुढचा प्रतिसाद वाचावा.

लहान महापालिकेला स्वतःच्या उत्पन्नातून पगार, पेन्शन, विजेची बिलं आणि पाण्याचे पंप एवढंच जमतं. त्यामुळे मोठं काम म्हणजे अनुदान. डिसेंबर २००५ मध्ये जेएनएनयूआरएम हे केंद्राचं शहर अभियान आलं, त्यात पावसाळी गटारं चालायची. मोठ्या शहरांना, म्हणजे ४० लाखांच्या वर, केंद्र ३५ टक्के, राज्य १५ टक्के, उरलेले पन्नास तुमचे. २०१५ ला अमृत आलं, त्यातही पूर कमी करण्यासाठी पावसाळी गटार हा घटक होता. २०२१ च्या अमृत दोनचा भर पाणीपुरवठा, मलनिःसारण आणि तलाव यांवर. तलावाच्या कडेचं गटार कसंबसं बसतं, कॉलनीतलं बसत नाही. साहेबांचं "बसत नाही" ते हे.

मग आम्ही काय करायचो? तुकडे. नगरोत्थानमध्ये शंभर मीटर, दलित वस्ती सुधारमध्ये दीडशे मीटर, आमदार निधीतून चौकापर्यंत, नगरसेवकांच्या निधीतून गल्लीच्या तोंडाशी. पुण्यात या शेवटच्या प्रकाराला 'स' यादी म्हणतात, आमच्याकडे त्याला नाव नव्हतं, फक्त फोन यायचे. प्रत्येक तुकड्याचं पूर्वगणनपत्रक वेगळं, निविदा वेगळी, ठेकेदार वेगळा. एका ठिकाणी वरच्या अंगाला ६०० मिमीचा एनपी-३ ह्यूम पाइप, आणि खालच्या अंगाला, म्हणजे जिथे पाणी जास्त तिथे, ४५०. कारण ४५० वाला तुकडा आधी, कमी निधीतून झाला होता. जोडणीच्या चेंबरवर उभं राहिलं की कळायचं, जोराच्या सरीत झाकण थरथरायचं आणि कडेच्या फटीतून पाणी कारंज्यासारखं उडायचं. लोक म्हणायचे गटार तुंबलंय, साफ करा. त्यात गाळ कणभर नसायचा.

आता खर्च कुठे जातो तेही सांगतो, कारण सगळ्यांना वाटतं पाइपात जातो. पाइप स्वस्त. खोदाई, खाली पीसीसीचा (साध्या काँक्रीटचा) थर, चेंबर, भराव आणि रस्ता पूर्ववत करणं यात पाइपापेक्षा जास्त जातं. आणि सगळ्यात बेभरवशाची ओळ म्हणजे युटिलिटी शिफ्टिंग. पावसाळी गटाराला उतार लागतो, तो आपल्या सोयीने वर-खाली करता येत नाही. दीड मीटरवर खोदत जाल तर आडवी पाण्याची लाइन, पुढे विजेची केबल, पुढे टेलिफोनची डक्ट, मध्ये कुणी न विचारता टाकलेली फायबर. वीज कंपनीची केबल हलवायची तर त्यांचं अंदाजपत्रक येणार, ते पैसे आधी भरायचे, मग त्यांच्या सवडीने काम. तोवर मे संपतो.

हे सगळं बांधण्याचं झालं. अनुदान भांडवली कामाला मिळतं. गाळ काढायला, तुटलेली जाळी बदलायला, पंपाच्या डिझेलला अनुदान नाही. तो महसुली खर्च, तो तुमचा तुम्ही बघा. म्हणून तुम्हाला नवीन गटार दिसेल आणि दोन वर्षांनी तेच गटार बुजलेलं दिसेल. नवीन बांधणं फुकटात पडतं, जुनं सांभाळणं स्वतःच्या खिशातून. महापालिकेने कुठलं निवडावं?

ओढ्याकाठचा

साष्टांग. आमच्या चौकातलं झाकणही असंच उडतं. मी पण तुंबलंय म्हणून तक्रार करत होतो.

सुमेधा_क

वाखू (वाचनखूण) साठवली आहे. पण एक विचारू? "तुकडे" करण्याऐवजी एकदाच कर्ज काढून सगळं का करत नाहीत? महापालिका कर्ज काढू शकतात ना? रोखे वगैरे काहीतरी असतं.

ताळेबंद

असतं. १९९८ मध्ये अहमदाबादने राज्याच्या हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढले, पाणीपुरवठा प्रकल्पासाठी. रोखे घेणाऱ्यांना विश्वास वाटावा म्हणून काही जकात नाक्यांचं उत्पन्न वेगळ्या खात्यात बाजूला काढून ठेवलं होतं. आपल्याकडे पुण्याने जून २०१७ मध्ये २०० कोटींचे काढले, दहा वर्षांचे, ७.५९ टक्क्यांनी, चोवीस तास पाणी योजनेसाठी. ठरवलं होतं एकूण २,२६४ कोटी उभारायचं. त्याच सुमारास योजनेच्या निविदा रद्द झाल्या, पैसा हाती आणि काम नाही, त्यावरून बरीच टीका झाली.

"२०० कोटी" हाच आकडा का, हे बघण्यासारखं आहे. केंद्राची योजना अशी होती की रोख्यांमागे दर १०० कोटींना १३ कोटी प्रोत्साहन अनुदान मिळणार, जास्तीत जास्त २६ कोटी. २०० वर २६ पूर्ण होतात. त्यानंतरच्या बऱ्याच महापालिकांचेही रोखे २०० चेच का, याचं अर्धं उत्तर त्यात आहे.

पण सुमेधाताई, खरा अडसर वेगळा. रोखे म्हणजे कर्ज, ते फेडायला दरवर्षी ठरलेलं उत्पन्न लागतं. पाण्याच्या योजनेला पाणीपट्टी दाखवता येते, ड्रेनेजला लाभकर दाखवता येतो. पावसाळी गटारासाठी कर्ज काढलंत तर फेडीला काय दाखवणार? पुन्हा मालमत्ता करच. रोख्यांच्या बातम्या बघा, पाणी, सांडपाणी, नदी असतं. गटार क्वचित.

कात्रजचा_बोगदा

पुण्याची भर. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा वीसच्या वर माणसं गेली. सीमाभिंती कोसळल्या, गाड्या एकमेकांवर चढल्या. त्यानंतर ओढ्याच्या भिंती कुणी बांधायच्या यावर जो खल झाला तो या धाग्याला लागू आहे. ओढ्याच्या काठची भिंत सोसायटीच्या हद्दीत. खासगी जागेत सार्वजनिक पैसा घालायचा कसा, असा आक्षेप. सोसायटी म्हणते पाणी वरच्या टेकडीवरून येतं, आमचा काय दोष? दोन्ही बरोबर. मग पैसा कुणाचा?

नंतर केंद्राच्या राष्ट्रीय आपत्ती सौम्यीकरण निधीतून सात शहरांना मिळून अडीच हजार कोटी ठरले: मुंबई, चेन्नई, कोलकाता प्रत्येकी ५००, आणि पुणे, अहमदाबाद, बेंगळुरू, हैदराबाद प्रत्येकी २५०. म्हणजे परत तेच, आपत्तीच्या खात्यातून गटार.

फिलीकर

इथे अमेरिकेत फिलाडेल्फियाला राहतो, त्यामुळे दुसऱ्या टोकाचं सांगतो. आमच्या पाण्याच्या बिलात पावसाच्या पाण्याची स्वतंत्र ओळ असते. पाणी किती वापरलं याच्याशी तिचा संबंध नाही. महिनाभर नळ बंद ठेवून भारतात गेलो तरी ती ओळ येतेच.

हे पूर्वीपासून असं नव्हतं. आधी पावसाच्या पाण्याचा आकार पाण्याच्या मीटरच्या आकारावर ठरायचा. मोठं मीटर, मोठा आकार. परिणाम काय, तर उंच इमारत, जिचं छप्पर बेताचं पण मीटर मोठं, ती भरपूर भरायची. आणि पार्किंगचं अख्खं डांबरी मैदान, जिथे नळच नाही, मीटरच नाही, ते काहीच भरत नव्हतं! सगळं पाणी गटारात सोडून फुकट. २०१० पासून पद्धत बदलली. आता घरं सोडून बाकी मिळकतींचा हिशोब छप्पर, डांबर, काँक्रीट मिळून पाणी न मुरणारी जागा किती यावर होतो, ती हवाई छायाचित्रांवरून मोजतात. घरांना मात्र सरसकट एक दर, सगळ्यांचं छप्पर मोजत बसत नाहीत. एकदम धक्का नको म्हणून चार वर्षांत टप्प्याटप्प्याने आणलं. मोठ्या गोदामांची बिलं चढली तेव्हा बोंबाबोंब झाली. चर्चवाले, संस्थावालेही कुरकुरले.

ज्याने आवारात पाणी मुरवायची सोय केली त्याला बिलात सूट. शहराचा साधारण ६० टक्के भाग एकत्र गटारांचा आहे, म्हणजे मैला आणि पाऊस एकाच पाइपात. जोराचा पाऊस झाला की ते मिश्रण नदीत जातं. म्हणून २०११ पासून पंचवीस वर्षांचा कार्यक्रम चालू आहे: मोठे बोगदे खणण्याऐवजी जागोजागी पाणी मुरवायचं. ही खास ओळ नसती तर पंचवीस वर्षांचं काम कुणी हातात घेतलं नसतं असं माझं मत.

ही कल्पना नवीन नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूने १९७४ मध्येच असा वेगळा विभाग आणि वेगळा आकार चालू केला होता.

मिळकतकर_बळी

आलंच! म्हणजे आता पाऊस पडला म्हणून पैसे. फिलीकर, तिकडे लोकांनी हे मुकाट्याने मान्य केलं?

फिलीकर

अजिबात नाही. शेजारच्या मेरीलँड राज्यात २०१२ मध्ये कायदा करून मोठ्या काउंट्यांना असा आकार सक्तीचा केला. विरोधकांनी त्याला "पावसावरचा कर" असं नाव देऊन निवडणूक गाजवली आणि २०१५ मध्ये ती सक्ती उठवली गेली. आकार लावायचा की नाही ते मग ज्याच्या त्याच्यावर सोडलं. नाव एकदा चिकटलं की हिशोब कुणी ऐकत नाही.

मिळकतकर_बळी

नाव बरोबरच आहे की. आणि आपल्याकडचं तर विचारूच नका. शिक्षण कर देतो, शाळा बंद. वृक्ष कर देतो, झाडं तोडली. रस्ता कर देतो, रस्ता बघा. आता गटार कर द्या आणि उद्घाटनाच्या मंडपात उभे राहा. अर्थसंकल्पात "पावसाळी गटार" लिहिलेली रक्कम फेब्रुवारीत वर्गीकरण करून, म्हणजे एका कामाचा पैसा दुसऱ्याकडे वळवून, सुशोभीकरणाला जाते, हे मी वर्तमानपत्रात वाचतो, तुम्हीही वाचता.

निवृत्त_डेप्युटी

वर्गीकरणाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. माझ्या हयातीत गटाराची रक्कम कमान आणि कारंज्याकडे गेलेली पाहिली आहे, सही माझीच होती. पण लक्षात घ्या, वर्गीकरण होतं कारण तो सर्वसाधारण निधीतला पैसा असतो, कुठेही वळवता येतो. वेगळं खातं असेल तर वळवणं अशक्य नाही, पण उघडं पडतं. ऑडिटला उत्तर द्यावं लागतं.

सुमेधा_क

माझा आक्षेप दुसराच आहे. छप्पर आणि काँक्रीट मोजायचं म्हणता. आमच्या गावाकडच्या गुंठेवारीत अर्ध्या गुंठ्यात घर, पुढे अंगण नाही, सगळी जागा छपराखाली. तुमच्या हिशोबाने ती मिळकत शंभर टक्के न मुरणारी. आणि बंगलेवाल्याच्या चार गुंठ्यांत लॉन, म्हणून त्याला सूट? पाणी घुसतं कुणाच्या घरात? गुंठेवारीवाल्यांच्याच. आधी बुडायचं आणि वर आकार भरायचा.

फिलीकर

सुमेधाताई, टक्क्यांवर नाही, चौरस फुटांवर मोजतात. अर्ध्या गुंठ्याचं सगळं छप्पर धरलं तरी ५४५ चौरस फूट. बंगल्याचं छप्पर, पोर्च, गाडीचा रस्ता मिळून त्याच्या कितीतरी पट भरेल. पण तुमचा मुद्दा इथेही निघतो, म्हणून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना बिलात सवलत आहे.

सुमेधा_क

हं. हे पटण्यासारखं आहे. तरी मला वाटतं सुरुवात घरांपासून करूच नये. मॉल, मंगल कार्यालयं, गोदामं, पेट्रोल पंप, शाळा-कॉलेजांची डांबरी मैदानं, आणि हो, सरकारी कार्यालयांची आवारं. आमच्या इथे बाजार समितीच्या काँक्रीटच्या आवारातून जे लोंढे येतात ते बघितले की घरांच्या गच्च्या किरकोळ वाटतात.

कात्रजचा_बोगदा

सूट द्यायची पद्धत आपल्याकडे आधीपासून आहेच की. पुण्यात सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजल संधारण यांपैकी एक असेल तर मिळकतकरात ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के. फक्त आपण सूट देतो, आकार लावत नाही. अर्धीच व्यवस्था. आणि त्या संधारणाच्या खड्ड्यात पाणी खरंच मुरतं का हे बघायला कुणी येत नाही. आमच्या सोसायटीच्या खड्ड्यावर सध्या कुंड्या आहेत.

ताळेबंद

कायद्याचं थोडं. नवा *कर* लावायचा तर कायद्यात त्याला जागा हवी आणि शासनाची मान्यता हवी. *शुल्क* लावायचं तर त्याच्या बदल्यात सेवा दाखवावी लागते, नाहीतर कोर्टात टिकणं अवघड. म्हणून नुसतं "पावसाळी शुल्क" म्हणून पावती फाडता येणार नाही. आधी नकाशा दाखवा, कुठल्या ओढ्याच्या पाणलोटात कुठल्या मिळकती, कुठलं गटार त्यांचं पाणी नेतं. बहुतेक महापालिकांकडे हा नकाशा धड नाही. तिथेच घोडं अडतं.

आणि एक पैसा असा आहे जो आत्ता, या क्षणी, महापालिकांकडे येतो आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही. एक, विकास शुल्क. प्रादेशिक नगररचना कायद्याखाली प्रत्येक बांधकाम परवानगीला ते भरावं लागतं, आणि ते सार्वजनिक सोयींसाठीच वापरायचं असतं. दोन, रस्ते खोदाई शुल्क. फायबर, गॅस, वीज कंपन्या रस्ता खोदताना मीटरमागे पैसे भरतात, रस्ता पूर्ववत करायला. या दोन्हींची जमा कुठे झाली आणि कुठल्या कामाला गेली एवढं विचारलंत तरी पुष्कळ. नवीन कर मागायच्या आधी हे विचारणं मला जास्त रास्त वाटतं.

मिळकतकर_बळी

इथे मात्र ताळेबंदांशी सहमत. +१. खोदाईचे पैसे घ्यायचे आणि चरावर मुरूम टाकून मोकळं व्हायचं, आमच्या दारात तीन वेळा झालंय.

माहीमची_खाडी

बळीसाहेब, तुम्ही कर देणार नाही, ठीक. पण मग १९९३ ते २००५ होतं. मुंबईसारख्या, ठेवी बाळगून असलेल्या महापालिकेचं झालं ते. लहान गावाने पुराची वाट बघितली तर केंद्राचे बाराशे कोटी तिथे येणार नाहीत. बातमीसुद्धा जिल्हा आवृत्तीच्या आत येईल.

मिळकतकर_बळी

मी देणार नाही असं म्हटलं नाही. आधी हिशोब, मग कर. उलट्या क्रमाने आयुष्यभर भरत आलोय.

टपरीवरचा

धाग्यावर दोन माणसं सहमत झाली. ॲडमिन, लॉक करा.

निवृत्त_डेप्युटी

लॉक व्हायच्या आत धागाकर्त्यांसाठी कामाचं.

कॉलनीसाठी वेगळं गटार मागू नका, कुठल्यातरी हेडातून शंभर मीटरचा तुकडा मिळेल आणि पाणी पुढच्या गल्लीत जाईल. ते लोक मग तुमच्या नावाने शिमगा करतील. तुमचं पाणी शेवटी कुठल्या ओढ्याला मिळतं तिथपर्यंत एकदा पावसात चालत जा, छत्री घेऊन. कुठे पाइप लहान होतो, कुठे चेंबरच नाही, कुठे ओढ्याच्या तोंडाशी कुणाची भिंत आहे, फोटो काढा. मग मागणी करा की ओढ्याकडून वर, म्हणजे खालच्या टोकापासून काम सुरू करा. पैसे कमी असले तर वरचा भाग राहू दे. खालचा मोठा पाइप आधी पडला तर पुढचे तुकडे त्याला जोडता येतात. उलटं केलं तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

रस्त्याचा निधी आला तर त्याच अंदाजपत्रकात गटार धरायला लावा. वेगळं हेड शोधायची गरज नाही, रस्त्याचा निचरा हा रस्त्याचाच भाग आहे, असं लेखी मागा. आम्ही आमच्याकडे असे प्रस्ताव काढले आहेत, मंजूर झालेले आहेत.

आणि तारीख लक्षात ठेवा. महापालिका अधिनियमाप्रमाणे पुढच्या वर्षीच्या करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. अंदाजपत्रकाच्या मागण्या खात्यांकडून त्याच्या बऱ्याच आधी, दिवाळीनंतर गोळा होतात. तुम्ही जूनमध्ये पाणी घुसल्यावर जाता तेव्हा त्या वर्षीचा पैसा वाटून झालेला असतो. नोव्हेंबरमध्ये जा.

ओढ्याकाठचा

नोव्हेंबरमध्ये पाणी नसतं, त्यामुळे कॉलनीतलं कुणी बरोबर येत नाही, ही अडचण आहे. पण जातो. खोदाई शुल्काचं माहिती अधिकारात विचारायचं तर नेमकं काय लिहू? "किती जमा झाले" एवढंच लिहिलं तर एक आकडा फेकून मारतील.

ताळेबंद

गेल्या तीन आर्थिक वर्षांची मागा, वर्षवार. जमा रक्कम कुठल्या लेखाशीर्षात, त्यातून झालेल्या कामांची यादी, कामाची लांबी, देयकाची रक्कम आणि पूर्णत्वाचा दाखला. विकास शुल्काचा अर्ज वेगळा करा, तो नगररचना विभागाकडे जाईल. एकाच अर्जात दोन्ही घातलंत तर पहिल्याच विभागात अडकेल. मसुदा इथे टाका, बघून देतो.